जुलाबाची तीच पट्टी पुन्हा पुन्हा का लागते?

तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते. सकाळी उठल्या उठल्या पोटात कळ येते, घाईने शौचाला पळावं लागतं, दोन-तीनदा जाऊन आलं की जरा बरं वाटतं. दुपारी जेवलं की पोट टम्म. आठवडाभर असं चालतं आणि मग माणूस औषध दुकानात येऊन म्हणतो, "मामा, मागल्या खेपेची तीच गोळी द्या की. पोट परत बिघडायलंय." ती गोळी म्हणजे बहुधा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल या जंतू मारणाऱ्या दोन औषधांची जोडगोळी. पाच दिवस घेतली की पोट गप्प बसतं. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. काहींचं उलटं असतं: तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही, गॅस धरतो, आणि मध्येच एखादा दिवस जुलाबाचा.

बेळगावात औषधाचं दुकान चालवताना ही मागणी रोजची. खानापूर, येळ्ळूर, कडोलीकडून बाजाराला आलेली माणसं परतीच्या बसआधी चार गोळ्या कापून मागतात. हे औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं हा कायदा आहेच, पण तो क्षणभर बाजूला ठेवू. ज्यांचं पोट असं वर्षानुवर्षं आलटून पालटून बिघडतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या आतड्यात मारण्याजोगा जंतू उरलेलाच नसतो. आतड्यात कायम वस्तीला असणाऱ्या जिवाणूंची घडी मात्र विस्कटलेली असते आणि ही गोळी दर खेपेला त्या घडीवरच घाव घालते. डॉक्टर या दुखण्याला आयबीएस म्हणतात, म्हणजे इरिटेबल बाऊल सिंड्रोम.

आधी दुसरं काही नाही ना, ते बघा

2016 पासून जगभर वापरात असलेल्या रोम निकषांप्रमाणे आयबीएस म्हणायला पोटदुखी हवीच: गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी, आणि दुखणं सुरू होऊन सहा महिने झालेले. शिवाय त्या दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाच्या वेळा बदलणं, शौचाचं स्वरूप बदलणं, या तीनपैकी किमान दोन गोष्टी जुळायला हव्यात. नुसता गॅस म्हणजे आयबीएस नव्हे.

शौचातून रक्त जाणं, न ठरवता वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी असल्याचा रिपोर्ट, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला, किंवा पन्नाशीच्या आसपास ही तक्रार पहिल्यांदाच सुरू होणं, यातलं एकही असेल तर हा लेख इथेच सोडा आणि पोटाच्या डॉक्टरांना गाठा. आपल्याकडे आतड्याचा टीबी अजून आहे आणि तो सुरुवातीला असाच दिसतो.

बाकीच्यांसाठी तपासण्या मोजक्याच असतात: रक्ताची साधी तपासणी, थायरॉइड, आणि सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने होणारा आजार आहे का याची रक्ततपासणी. ही शेवटची तपासणी चपाती बंद करायच्या आधी करा. गहू सोडून काही आठवडे गेले की आजार असूनही रिपोर्ट निर्दोष येऊ शकतो. बरेच जण आधी गहू सोडतात, मग डॉक्टरकडे जातात आणि तिथेच घोळ होतो. जुलाब जास्त असतील तर कॅलप्रोटेक्टिन नावाची शौचाची तपासणी आतड्याला खरी सूज आहे का ते सांगते. ती थोडी महाग आहे, पण कधी कधी तिच्यामुळे दुर्बिणीची तपासणी टळते.

आणि तो अमीबा! या भागात अर्ध्या लोकांच्या फाइलीत कधीतरी "अमीबाच्या सिस्ट दिसल्या" असा कागद असतो, आणि त्या एका कागदाच्या जोरावर दहा-दहा वर्षं औषधं चालतात. आमांश करणारा अमीबा हिस्टॉलिटिका. त्याचा एक निरुपद्रवी भाऊ आहे, डिस्पार. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या सिस्ट अगदी सारख्या दिसतात, फरक कळायला वेगळी तपासणी लागते. शौचात आव आणि रक्त नाही, ताप नाही, तर त्या कागदावर किती विसंबायचं हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. जियार्डिया नावाचा दुसरा जंतू मात्र खरोखर महिनोन्‌महिने त्रास देतो. तो सापडला तर त्याचं औषध पूर्ण घ्यायचं.

सुरुवात बहुतेक पाण्यातून होते

"याआधी एकदा जोराचे जुलाब लागले होते का?" असं विचारलं की पुष्कळांना आठवतं. कुणाचं यल्लम्माच्या जत्रेतून आल्यावर, कुणाचं लग्नाच्या पंगतीनंतर, कुणाचं 2019 च्या पुरानंतर विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं तेव्हा. जंतू गेला, जुलाब थांबले, पण पोट पहिल्यासारखं झालं नाही.

याचा सगळ्यात नीट अभ्यास कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या गावात झाला. 2000 सालच्या मे महिन्यात मुसळधार पावसात गुरांचं शेण वाहून गावाच्या विहिरीत उतरलं. ई. कोलाय आणि कॅम्पायलोबॅक्टर नळातून घरोघरी पोचले. सुमारे 2300 माणसं आजारी पडली, 7 दगावली. दोन-तीन वर्षांनी पाहणी केली तेव्हा ज्यांच्या आजाराची डॉक्टरी खात्री होती त्यांच्यातल्या तिघांत एकाहून जास्त जणांना आयबीएस जडला होता. जे आजारी पडलेच नव्हते त्यांच्यात हे प्रमाण दहात एक. आठ वर्षांनंतरही आजारी पडलेल्यांपैकी सुमारे 15 टक्के लोकांना त्रास होताच. इतर ठिकाणच्या अभ्यासांची बेरीज सांगते की आतड्याच्या संसर्गानंतर साधारण दहात एकाचं पोट असं मागे लागतं. खानापूरकडचा पाऊस आणि उघड्या विहिरी ज्यांनी पाहिल्यात त्यांना वॉकर्टन फार लांबचं वाटायला नको.

जंतू गेल्यावरही पोट का दुखतं? एक उत्तर 2021 मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संशोधकांनी दिलं. उंदरांना आतड्याचा संसर्ग झालेला असताना त्यांना अंड्यातलं प्रथिन खाऊ घातलं. संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर पुन्हा तेच प्रथिन दिलं, तर आतड्याच्या अस्तरातल्या पेशींनी त्यालाच शत्रू ठरवून हिस्टामिन नावाचं रसायन सोडलं आणि आतडं दुखरं झालं. "आधी मिसळ पचायची, आता बघितली तरी पोट गुरगुरतं" या तक्रारीला यातून थोडा अर्थ येतो.

दुसरा भाग जिवाणूंचा. माणसाच्या शरीरात साधारण 38 लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचलेलं ते आंबवतात, त्यातून गॅस आणि आम्लं तयार होतात. पित्तातल्या आम्लांचं रूपही ते बदलतात. ती आम्लं मोठ्या आतड्यात जादा उतरली की पाणीदार जुलाब होतात. शरीरातलं सेरोटोनिन नावाचं रसायन सुमारे 90 टक्के आतड्यात बनतं आणि ते किती बनावं यातही काही जिवाणूंचा हात असतो, हे 2015 मध्ये उंदरांवर दिसलं. सेरोटोनिन कमीजास्त झालं की आतड्याची चाल बदलते. आयबीएसच्या लोकांमध्ये ही वस्ती बऱ्याचदा वेगळी दिसते, पण "हा एक जिवाणू गुन्हेगार" असं बोट दाखवता येत नाही. एका अभ्यासात जो कमी असतो तो दुसऱ्यात जास्त निघतो. म्हणून आतड्यातल्या जिवाणूंची यादी काढून देणारी काही हजारांची घरपोच तपासणी आज तरी करू नका. रंगीत तक्ता येतो, त्यावरून उपचार काहीच ठरत नाही.

मग त्या गोळीने बरं का वाटतं?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. थोडा काळ गॅस करणारे जिवाणू घटतात, हे खरं. आयबीएस मुळात चढ-उतारांचाच आजार असल्याने आठवड्याभरात बऱ्याचदा आपणहून खाली येतो, हेही खरं. पण मला वाटतं सगळ्यात मोठं कारण कुणी मोजतच नाही. गोळी सुरू केली की घरात पथ्य सुरू होतं: मऊ भात, पेज, मुगाचं पातळ वरण, ताक. मिसळ बंद, कच्चा कांदा बंद, लसणाची चटणी बंद. पाच दिवसांनी पोट शांत झालं की श्रेय गोळीला. सहाव्या दिवशी ताटात पुन्हा कांदा येतो.

तोवर त्या गोळीने आत काय केलेलं असतं? अमेरिकेत स्टॅनफर्डला 2011 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन निरोगी माणसांना सिप्रोफ्लॉक्सासिनचे दोन छोटे कोर्स काही महिन्यांच्या अंतराने दिले गेले. ऑफ्लॉक्सासिन त्याच घराण्यातलं औषध आहे. जिवाणूंची वस्ती दोन-तीन दिवसांत कोसळली, नंतर सावरू लागली, पण दुसऱ्या कोर्सनंतर ती मूळ रूपावर पुरती आली नाही. माणसं तीनच होती, पण ती तब्येतीने ठणठणीत होती आणि कोर्स दोनच होते. वर्षाला चार-पाच पट्ट्या घेणाऱ्याचं काय होत असेल ते बघा. सरसकट तणनाशक मारलेल्या रानात पाऊस पडल्यावर आधी तणच वर येतं, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको.

ताटातला बदल, एका वेळी एक

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी 2005 पासून जो आहार मांडला त्याला फॉडमॅप कमी असलेला आहार म्हणतात. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही शर्करा मोठ्या आतड्यात पोचतात, तिथे पाणी ओढून घेतात, आणि जिवाणू त्या आंबवून गॅस करतात. निरोगी माणसालाही हाच गॅस होतो. फरक एवढाच की आयबीएसवाल्याच्या आतड्याला तो ताण दुखतो.

परदेशी याद्या घेऊन बसलात तर आपल्याकडे त्यातलं निम्मं मिळत नाही आणि उरलेलं आपण खात नाही. आपल्या ताटाचं बघू. ज्वारीची भाकरी चालते, नाचणीही, भात चालतो, पोहे चालतात. शेंगदाण्याची चटणी चालते, म्हणजे भाकरी आणि शेंगाचटणी हे आपलं जुनं जेवण या दुखण्यात सगळ्यात सोयीचं. अडचण करणाऱ्या गोष्टी म्हणजे कांदा, लसूण, गहू (रव्याचं उप्पीटही त्यातच आलं), तूर-हरभरा-वाटाणा-चवळी, काजू, आणि दूध जास्त झालं तर तेही. कुंदा म्हणजे आटवलेलं दूध, तेव्हा दोन चमचे खा, पाव किलोचा डबा एकट्याने संपवू नका. गोकाकचा करदंट, म्हणजे सुक्यामेव्याची मिठाई, काजू-खारकेमुळे जड जातो. चहातल्या दुधाला मात्र उगाच दोष देतात. दूध न पचणाऱ्यांपैकीही बहुतेकांना एका वेळी पेलाभर दुधाइतकी शर्करा जेवणासोबत सोसते. कपभर चहात तेवढं दूध कुठे असतं? रताळं आपल्या बेळगाव तालुक्याचं पीक, ते चार फोडी ठीक, उपासाला ताटभर नको.

कांदा-लसणाचं जरा बारकाईने बघा, कारण सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. त्यातली फ्रुक्टन नावाची शर्करा पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. आमटीत लसूण घालून उकळला आणि वाढताना पाकळ्या बाजूला काढल्या, तर काही उपयोग नाही. शर्करा रस्श्यात गेलेली असते. त्याऐवजी कढईत तेल तापवून ठेचलेला लसूण त्यात मंद तळा, तांबूस झाला की झाऱ्याने पुरता काढून टाका, मग त्याच तेलात मोहरी-हिंगाची फोडणी करून वरण घाला. वास आणि चव लसणाची, त्रास नाही. पाणी घालायच्या आधी लसूण बाहेर आला पाहिजे, एवढं सांभाळा. पातीच्या कांद्याचा हिरवा भाग चालतो, पांढरा टाळा. विकतचा कांदा-लसूण मसाला घातलात की ही सगळी मेहनत पाण्यात.

कडधान्यं पूर्ण सोडू नका. त्यातल्या शर्करा फोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतं, म्हणून त्या थेट जिवाणूंच्या वाट्याला जातात. पण मटकी-मूग रात्रभर भिजवून ते पाणी ओतून दिलं आणि मोड आणले, तर त्या बऱ्याच कमी होतात. भिजवलेल्याच पाण्यात शिजवायची सवय काही घरांत आहे, "सत्त्व जातं" म्हणून. आयबीएसवाल्याने ती सोडावी. इडली आंबलेली असल्याने बऱ्याच जणांना सोसते. तिच्यासोबतचं तुरीचं सांबार वाटीभर पिऊ नका.

हा बदल काम करतो का हे बघायला आपल्याकडे एक आयती सोय आहे. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असणारी घरं अजून आहेत. कांदेनवमीला पोटभर कांदाभजी खाऊन दुसऱ्या दिवशी पोट धरून बसणारे आणि पुढे चार महिने सुखी असणारे लोक मला माहीत आहेत. "टेन्शन कमी झालं म्हणून बरं होतं" असं ते म्हणतात. टेन्शन कार्तिकात परत कसं येतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

दोन ते सहा आठवडे एवढीच या कडक पथ्याची मुदत. त्यानंतर एकेक वस्तू परत आणायची: तीन दिवस रोज थोडा थोडा वाढता कांदा, मग दोन-तीन दिवस विश्रांती, मग गहू, मग तूर. काय सोसतं, किती सोसतं हे वहीत लिहून ठेवायचं. मुदतीचा आग्रह यासाठी की याच शर्करांवर बिफिडोबॅक्टेरिया नावाचे चांगले जिवाणू जगतात आणि कडक पथ्यात त्यांची संख्या घटते. जन्मभर पथ्य केलं तर ज्यांची वस्ती सावरायची तेच उपाशी मरतात. वजन कमी असलेल्यांनी, गरोदर बायांनी आणि लहान मुलांच्या बाबतीत हे मनाने करू नये.

इसबगोल, आणि बद्धकोष्ठाची वेगळी गोष्ट

ज्यांचं पोट साफ होत नाही त्यांच्यातल्या काहींच्या श्वासात मिथेन वायू जास्त सापडतो. तो करणारा सूक्ष्मजीव धड जिवाणूही नव्हे, जिवाणूंचा दूरचा भाऊबंद आहे. इतरांनी केलेला हायड्रोजन खाऊन तो मिथेन सोडतो, आणि मिथेनमुळे आतड्याची चाल मंदावते. श्वासाची तपासणी मोठ्या शहरांत होते, पण तिच्याशिवायही सुरुवात इसबगोलानेच करतात.

इसबगोल कोंड्यासारखा नाही. गव्हाचा कोंडा आयबीएसमध्ये बऱ्याचदा त्रास वाढवतो. इसबगोल फारसा आंबत नाही, म्हणून गॅस कमी, आणि पातळ असो की घट्ट, दोन्हीकडे मदत करतो. पण घ्यायची रीत चुकते. अर्धा चमचा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच पिऊन टाका आणि वर आणखी पेलाभर पाणी प्या. पाच मिनिटं गप्पा मारत बसलात की पेल्यात डिंकाचा गोळा होतो, तो घशाखाली उतरत नाही. आठवड्याने चमचाभर करा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा.

प्रोबायोटिकच्या पुड्यांबद्दल दुकानदार असून सांगतो: सगळ्यांना घ्या म्हणण्याजोगा पुरावा नाही. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांची संघटना त्या आयबीएससाठी सुचवत नाही, ब्रिटनमधली म्हणते हवं तर 12 आठवड्यांपर्यंत घेऊन बघा, फरक नाही पडला तर बंद करा. मला ब्रिटनचं पटतं. घरचं दही सोसत असेल तर खावं, पण औषध म्हणून नव्हे.

डॉक्टरांना विचारण्यासारखं

जुलाबाच्या आयबीएससाठी रिफॅक्सिमिन नावाचं प्रतिजैविक आहे, ते रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही. अमेरिकेत 2015 मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. ज्या चाचण्यांवर ती मिळाली त्यांत औषध घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण 41 जणांना आराम पडला आणि खोटी गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी 32 जणांना. म्हणजे उपयोग आहे, पण माफक, आणि बऱ्याच जणांना पुढे तक्रार परत येते. त्यामुळे पथ्याने भागलं नाही तर डॉक्टरांच्या चिठ्ठीने, ठरावीक दिवस. ऑफ्लॉक्सासिनची पट्टी सोडून हिच्या मागे लागायचं, असा याचा अर्थ काढू नका.

दुसरं औषध ऐकून लोक दचकतात: अमिट्रिप्टिलिन, मूळचं नैराश्याचं. ब्रिटनमध्ये 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 10 ते 30 मिलिग्रॅम इतक्या छोट्या मात्रेने आयबीएसच्या रुग्णांना फायदा दिसला. डॉक्टरांनी ते लिहिलं तर "मला येडं ठरवलं" असं समजू नका. ते आतड्याच्या दुखऱ्या नसा शांत करायला असतं. मिरज-कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरकडे जाणार असाल तर जुन्या पट्ट्यांची रिकामी पाकिटं आणि ती खाण्याची वही सोबत न्या. दहा वर्षांच्या फाइलीपेक्षा ती जास्त कामाला येते.

खरोखर जुलाब लागले तर

आयबीएसवाल्यालाही पावसाळ्यात साधे जुलाब लागू शकतात. रक्त नाही, मोठा ताप नाही, लघवी होतेय, तर बहुतेक वेळा प्रतिजैविक लागत नाही, ओआरएस लागतं. आणि प्रत्येक नव्या संसर्गाने पोट आणखी बिघडायचा धोका असल्याने राकसकोप धरणातून येणारं नळाचं असो की परसातल्या विहिरीचं, पावसाळ्यात पाणी उकळूनच प्यावं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, छोटं 200 मिलिलिटरचं. पाकिटावर वाचून मगच मिसळा. मोठं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवून पाजलं तर क्षार जास्त होऊन त्रास होतो, लहान मुलाला तर फारच. कालवलेलं 24 तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या.